एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची रताळी

फोन आला तेव्हा मी एका मूर्तीचे डोळे आखत होते. माघी गणपतींची घाई होती, हमरापूरच्या आमच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनीचा आवाज अगदी साधा होता. "नंदा, तुझे दादा गेले गो... वरकसाच्या माळावर वेल उपटत होते. बसले, ते बसलेच." मी कुंचला खाली ठेवला. दुसरा डोळा नंतर माझ्या जावेनं आखला. पेणहून रोह्याची गाडी धरली आणि खिडकीशी बसून राहिले. कासू गेलं, नागोठणं गेलं. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, कुठं निघालात? मी म्हटलं, माहेरी.

त्याला आता काही आठवडे झाले. दत्तात्रेय हे त्याचं नाव. रोह्याच्या हॉटेलांत तो दूधवाला दत्ता होता, गावात 'रताळेवाला' होता. हे दुसरं नाव लोकांनी आधी कौतुकानं ठेवलं आणि पुढं दुसऱ्याच सुरात घ्यायला लागले. नाव तेच, सूर तेवढा बदलला. कुणी तो शब्द उच्चारला की दादाची मान खाली जायची. मृत माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. पण ज्या गोष्टीची त्याला जन्मभर लाज वाटली ती वगळून लिहिलं, तर ते माझ्या दादाबद्दल होणार नाही. तो स्वतः ती कधी वगळत नसे.

दादा माझ्याहून बराच मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळं शाळा सुटल्यावर तो डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे लागला. शिफ्टवरून यायचा तेव्हा अंगाला लोखंडाचा वास असायचा. ठेकेदार बदलला आणि जुनी माणसं घरी बसली, त्यात दादाही आला. तो फारसा खचला नाही. घराच्या मागं गोठा होता, एक म्हैस होती, तिच्या तीन झाल्या, मग आठ-दहा झाल्या. पहाटे धारा काढायच्या, मोटारसायकलला कॅन अडकवायचे आणि रोह्यात दूध घालून यायचं, हे त्याचं आयुष्य झालं. माणूस बोलका. दूध घालायला गेला की चहा पिऊन, चार गोष्टी सांगून यायचा.

दूधधंद्याची अडचण एकच, आणि ती ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पेंडीचा भाव वाढतच जातो, दुधाचा वाढवायचा म्हटलं की गिऱ्हाईक तोंड फिरवतं. आमच्याकडं भाताचा पेंढा असतो, पण नुसत्या पेंढ्यावर म्हैस दूध देत नाही. सरकीची पेंड घाटावरून यायची, गिरणीचा कोंडाही आता फुकट मिळत नव्हता. दादा म्हणायचा, दूध मी काढतो, पण कमाई पेंडवाल्याची.

अशात एकदा तो मला भेटायला पेणला आला होता. एकादशीचा दुसरा दिवस होता. बाजारातून आम्ही दोघं येत होतो. आदल्या दिवशी ज्या रताळ्यांसाठी बायका घासाघीस करत होत्या, त्याच रताळ्यांचा ढीग भाजीवाल्यानं गटाराशेजारी लोटला होता. बारीक, कापलेली, खरचटलेली. उपास सरला होता, आता त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. दादा थबकला. भाजीवाल्याला म्हणाला, नेऊ का? तो म्हणाला, नेलंस तर माझी उचलायची मेहनत वाचेल. दादानं एक गोणी भरली आणि गाडीच्या डब्यात चढवली. त्या रात्री जेवताना वहिनीला सांगितलं म्हणे, पुढाऱ्याला मत मिळावं तसं मला आज फुकट खाद्य मिळालंय.

म्हशींनी ती रताळी अशी खाल्ली की गव्हाण चाटून पुसून ठेवली. दादा गुरांच्या डॉक्टरांना विचारून आला. त्यांनी समजावलं, ते तो पुढं सगळ्यांना त्याच्या भाषेत सांगायचा. "रताळं म्हणजे भात आणि पेंड म्हणजे डाळ. नुसत्या भातावर माणूस जगतो, पण बाळसं धरत नाय." म्हणून पेंड बंद करायची नाही, कमी करायची, बाकीचं पोट रताळ्यांनी भरायचं आणि मिळाले तर हिरवं म्हणून वेल घालायचे. पेंडीची पोती पूर्वीच्या निम्म्यानं लागायला लागली आणि दूध काही कमी झालं नाही. मग प्रत्येक एकादशीच्या, महाशिवरात्रीच्या, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी दादा टेम्पो सांगायचा. पेण आणि रोहा, दोन्ही बाजार फिरायचा. गावातल्या बऱ्याच घरांनी त्याच्या टेम्पोत आपली गोणी धरली. तेव्हाच ते नाव पडलं. दादाला ते आवडायचं. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच आवडायचं.

त्या घरांत एक सुमनकाकीचं होतं. ती आमच्या भावकीतली, दादापेक्षा वयानं मोठी. नवरा मिठागरावर होता, तो गेला. मुलगी लग्न होऊन सासरी. काकीकडं एक म्हैस होती, एकच. तिचं दूध दोन-तीन घरी घालून ती आपलं चालवायची. दादा तिला तिची गोणी कधी उचलू द्यायचा नाही, स्वतः पडवीत नेऊन ठेवायचा.

एका वर्षी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो नेहमीपेक्षा भरून आला. पाऊस लागला होता. गोण्या ओल्याच उतरल्या आणि ओल्याच राहिल्या. चार-सहा दिवसांत रताळ्यांवर काळे डाग चढले. लोकांनी दादाला विचारलं. दादा म्हणाला, काळा भाग कापून टाका, बाकीचं उकडून घाला, उकडल्यावर काय उरतंय त्यात? त्याच्या स्वतःच्या गोठ्यातही तसंच चाललं होतं. पण त्याची रताळी आठ-दहा म्हशींत वाटली जात होती, वर पेंड आणि पेंढा होता. काकीची एकटी म्हैस सगळी गोणी खात होती.

एका सकाळी काकीची म्हैस खाईना. मान लांब केली, तोंड उघडलं आणि धापा टाकायला लागली, तोंडाला फेस. काकीनं निरोप धाडला, तसा दादा धावला, डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी इंजेक्शनं दिली, पण त्यांचा चेहराच सांगत होता. म्हैस पुढचे दोन दिवस उभीच होती, बसली की श्वास अडकायचा म्हणून. मग बसली आणि गेली. काकी तिच्या शिंगांपाशी बसून होती.

डॉक्टर दादाला अंगणाबाहेर घेऊन गेले. त्यांनी पडवीतली गोणी पाहिली होती. ते म्हणाले, हा घटसर्प नाही, घसा सुजलेला नाही, ताप नाही. नासक्या रताळ्यात विष तयार होतं, ते फुप्फुसात उतरतं. ते काळ्या डागापुरतं नसतं, आजूबाजूला पसरलेलं असतं, आणि उकडून जाईल असा भरवसा धरता येत नाही. सगळ्यांना थांबवा. काकीला मी सांगू का, असंही त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, मी सांगतो, माझ्याच घरची आहेत ती.

आणि त्यानं सांगितलं नाही.

त्यानंच मला हे सारं पुढं एकदा सांगितलं होतं, आमच्या कारखान्याच्या पायरीवर बसून, मूर्तींकडं पाठ करून. तो म्हणाला, त्या दिवशी काकी रडत होती म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी लोक जमले होते म्हणून थांबलो. तिसऱ्या दिवशी गावानंच ठरवून टाकलं होतं की म्हैस घटसर्पानं गेली. पावसाळ्याआधी लस टोचायला गुरांच्या दवाखान्याची माणसं आली होती तेव्हा काकी मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. लस टोचलेली नव्हती. मग गावाला आणखी काय हवं होतं? बायका नळावर म्हणायला लागल्या, लेकीच्या बाळंतपणापायी म्हैस घालवली. हे मुलीच्या कानावर गेलं. ती बाळाला घेऊन माहेरी यायची होती, ती आली नाही.

दादानं बाकीच्या घरांच्या गोण्या मात्र डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी उकिरड्यात ओतायला लावल्या. म्हणाला, मालावर कसलं तरी औषध मारलेलं दिसतंय, नको आता. ही थाप त्याला लगेच सुचली. तो मला म्हणाला, "खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं, आणि खोटं बघ कसं घडाघड आलं." रताळ्यांचा टेम्पो बंद झाला. दूध घालून येताना काकीच्या घरावरून येणारा सरळ रस्ता सोडून तो नदीकडून वळसा घालून यायला लागला. रोह्यात चहाला थांबेना. वहिनीला वाटलं, तब्येत बिघडली.

श्रावण गेला, गणपती येऊन गेले. एक दिवस सुमनकाकी स्वतःच आमच्या गोठ्यात आली. दादा शेण ओढत होता. ती दाराशी उभी राहिली आणि तिनं अगदी हळू विचारलं, "दत्ता, तू डाक्टरबरोबर होतास. खरं सांग... लस टोचली असती तर वाचली असती का रे ती?"

दादा म्हणाला, मला माहीत नाय काकी. ती मान हलवून गेली. दादा त्या दिवशी जेवला नाही.

आमच्याकडं भाद्रपदातल्या वद्य चतुर्थीला साखरचौथीचे गणपती बसतात. त्या वर्षी शेजारच्या घरी होता. संध्याकाळच्या आरतीला गाव जमलं होतं, काकीही मागं बायकांत बसली होती. आरती झाली, प्रसाद वाटायला सुरुवात व्हायच्या आत दादा उठून उभा राहिला. तो म्हणाला, "सुमनकाकीची म्हैस घटसर्पानं नाय मेली. मी आणलेल्या नासक्या रताळ्यांनी मेली. डाक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी गप बसलो." आणि मग, कुणी काही विचारलं नव्हतं तरी, "लस टोचली असती तरी मेलीच असती."

कुणी ओरडलं नाही. एक-दोघं पुटपुटले, आमच्याही म्हशींना घालायला लावलं होतंस की. कुणी तरी 'रताळेवाला' म्हटलं, आणि त्या शब्दाचा सूर बदलला तो तेव्हा. काकी उठली, पदर सारखा केला आणि प्रसाद न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं गोठ्यातली सगळ्यात चांगली दुभती म्हैस सोडली आणि काकीच्या अंगणात नेऊन बांधली. वहिनीला विचारलं नव्हतं, पण तिनंही अडवलं नाही. काकी बाहेर आली. तिनं म्हशीकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "म्हैस मेली ते मेली दत्ता. गुरं मरतात. माझ्या पोरीला लोक बोलत होते ते तू ऐकत होतास. ही तुझी म्हैस घेऊन जा." दादानं तिचे पाय धरायला वाकून पाहिलं, ती मागं सरली. मग त्यानं दावं सोडलं आणि म्हैस परत आणली. लोक कामाला निघायची वेळ होती. सगळं गाव ओट्यावर उभं राहून बघत होतं. या वेळी तो सरळ रस्त्यानंच आला, नदीकडून नाही.

काकीनं पुन्हा म्हैस ठेवली नाही, शेळ्या पाळल्या. मुलगी यायला लागली. दादाशी मात्र काकी बोलली नाही, वर्षं गेली तरी.

कुणाला वाटेल, यानंतर दादानं रताळ्याचं नाव टाकलं असेल. पण आमचं वरकस पावसाळ्यानंतर पडून असतं, भोवतीच्या जमिनी विकल्या जाताहेत आणि रिकामी जमीन दिसली की दलाल बांधावर येऊन उभा राहतो. दादानं वरकसावर स्वतः रताळी लावली. बाजारातलं एकही रताळं त्यानं पुन्हा गोठ्यात आणलं नाही. काढली की ताजी घालायची, उरतील त्यांच्या पातळ चकत्या करून खडखडीत वाळवायच्या आणि पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवून वापरायच्या. वेल कापून रोजच्या रोज गव्हाणीत. हे काम मोठं. उन्हाळाभर वहिनी चकत्या करत बसायची, आभाळ आलं की धावत गोळा करायची. एकदा ती मला दादासमोरच म्हणाली, माझ्या हातांची मजुरी धरली तर पेंडच स्वस्त पडते. दादानं ते नाकारलं नाही. तो खाली बघत म्हणाला, "खरं हाय गो. आधीही मला ते फुकट वाटलं होतं, तेव्हा काकीनं भरलं. आता तू भरतेस." त्या दिवसापासून दुपारी चकत्या करायला तो तिच्या शेजारी बसायला लागला, आणि बसून राहता यावं म्हणून त्यानं दोन म्हशी कमी केल्या.

हळूहळू लोक पुन्हा विचारायला यायला लागले, इतर गावांतूनही. पेंड काही स्वस्त झाली नव्हती. येणाऱ्याला दादा आधी बसवायचा, पाणी द्यायचा, आणि रताळ्याचा फायदा सांगण्यापूर्वी काकीच्या म्हशीची सगळी हकीकत सांगायचा. आपण गप्प बसलो होतो तेही. त्याच्या पोरांनी एकदा म्हटलं, बाबा, आता कशाला सांगता, लोकांना माहीत पण नाही. तो म्हणाला, माहीत नाही म्हणूनच. मला त्याचं हे ऐकवत नसे. परक्या माणसासमोर आपला दादा पुन्हा पुन्हा खाली मान घालून बसलेला बघणं सोपं नाही. मी उठून आत जायची.

तेराव्याला सुमनकाकी आली होती. पानावर बसली नाही, दाराशी थोडी थांबली आणि गेली. मग परवा, महाशिवरात्रीच्या आधी, राहिलेली रताळी काढायची म्हणून मी माहेरी गेले. पडवीत वहिनी आणि मी चकत्या करायला बसलो होतो. तेवढ्यात नागोठण्याकडचं एक जोडपं आलं. दोन म्हशी होत्या त्यांच्या, दादाचं नाव ऐकून आले होते, तो गेल्याचं माहीत नव्हतं. वहिनीनं त्यांना दादा गेल्याचं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. काकी शेळ्या घेऊन रस्त्यानं चालली होती. ती थांबली. शेळ्या कुंपणाला बांधून आत आली, आमच्यासमोर बसली आणि त्या दोघांना म्हणाली, या घरात रताळ्याचं विचारायला आलं की आधी एका म्हशीचं ऐकावं लागतं. ती म्हैस माझी होती.

तिनं सगळं सांगितलं, दादा सांगायचा तसंच. आणि त्या जोडप्याकडं न बघता, वहिनीकडं बघून म्हणाली, "त्यानं मला काळा भाग कापायला सांगितलं होतं. मी कापला नाय. कापायला काही राहिलंच नव्हतं, सगळी गोणी काळी होती. वास येत होता मला, आंबल्यासारखा. टाकायला जीव होईना... वाटलं, आलंय तर आजचा दिवस पेंड वाचेल." ती पुढं म्हणाली, "साखरचौथीला तो उभा राहिला तेव्हा मी पण उभं राहायला हवं होतं. मी घरी गेले. इतकी वर्षं त्यानं एकट्यानं सांगितलं."

ते जोडपं गोंधळून बसलं होतं. मला क्षणभर काकीचा राग आला, मग तोही टिकला नाही. दादाला हे कळलं असतं तर त्याचा भार हलका झाला असता का? मला नाही वाटत. त्याला लाज म्हशीची नव्हतीच, गप्प बसण्याची होती. आणि ती लाज आता पडवीत आम्हा सगळ्यांच्या मधे बसली होती.

वहिनीनं रताळ्यांची पाटी पुढं सरकवली आणि काकीसमोर विळी ठेवली. त्या दोघांना सांगितलं, बसा, कशा करायच्या ते दाखवते. दादाची या कामात एक सवय होती, ती सांगायची राहिली. प्रत्येक रताळं तो आधी मधोमध मोडायचा आणि नाकाशी धरायचा, स्वतःच्या वरकसातून त्याच सकाळी काढलेलं असलं तरी. आम्ही हसायचो त्याला. काकीला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं पहिलं रताळं उचललं, मोडलं, नाकाशी नेलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथं तिनं बाजूला ठेवलं. मी ते उचलून वास घेतला, वहिनीनं घेतला. आम्हाला कसलाच वास येत नव्हता. तरी वहिनी उठली आणि ते लांब, गुरांचं तोंड जाणार नाही अशा जागी टाकून आली.